देश क्लिअरिंग युनियनचा सदस्य आहे, म्हणून कांद्याचे पैसे सुरक्षित आहेत का?

निफाड तालुक्यातल्या एका तरुण निर्यातदाराने विचारलंय : ‘आम्ही ढाका, कोलंबो आणि माले इथे कांदा पाठवतो, हंगामात ढाक्याला द्राक्षंही जातात. बँक म्हणते, ढाक्याचे पैसे एसीयू डॉलरमध्येच आले पाहिजेत. कोलंबोचे साध्या डॉलरमध्ये चालतात. मालेची पार्टी तर रुपयांत देते म्हणतेय. तिन्ही देश एशियन क्लिअरिंग युनियनचे (एसीयूचे) सदस्य, मग नियम तीन कसे? उद्या बांगलादेश बाहेर पडला तर माझे अडकलेले पैसे कोण देणार? आणि भाचा जर्मनीत आहे, तो म्हणतो तिकडे एका देशातून दुसऱ्या देशात दहा सेकंदांत पैसे जातात. आपल्याकडे असं का नाही?’

मुंबईत एका सरकारी बँकेच्या परकीय चलन शाखेत निर्यातीची बिलं हाताळण्यात माझी सगळी नोकरी झाली. आता नाशिक जिल्ह्यातल्या निर्यातदारांना कागदपत्रांत मदत करते. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला नेहमी विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पैसा कोणत्या वाटेने येणार ही एक, आणि पैसा येणार की नाही ही दुसरी. देशाच्या सदस्यत्वावरून पहिलीचं उत्तर बरंचसं मिळतं. दुसरीचं फार थोडं मिळतं. ‘बांगलादेश सदस्य आहे, मध्ये रिझर्व्ह बँक आहे, म्हणजे काळजी नाही’ असं समजून माल भरणारे लोक मी पाहिलेत. रिझर्व्ह बँक मध्ये आहे हे खरं. पण ती तुमच्या पार्टीची जामीन नाही.

आधी वाट समजून घेऊ. एशियन क्लिअरिंग युनियन डिसेंबर १९७४ मध्ये स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने पुढाकार घेतला होता. मुख्यालय तेहरानमध्ये. व्यवहार नोव्हेंबर १९७५ पासून सुरू झाले. बांगलादेश, भूतान, भारत, इराण, मालदीव, म्यानमार, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका हे तिचे सदस्य. म्हणायला देश सदस्य, पण प्रत्यक्षात सदस्य असते त्या देशाची मध्यवर्ती बँक. आपल्या बाजूने रिझर्व्ह बँक, ढाक्याच्या बाजूने बांगलादेश बँक, मालेच्या बाजूने मालदीव मॉनेटरी ऑथॉरिटी. तुमची बँक या युनियनची सदस्य नाही, ती फक्त या वाटेने चालणारी आहे.

कल्पना साधी होती. या सगळ्या देशांकडे डॉलरची चणचण. एकमेकांशी व्यापार करताना प्रत्येक बिलासाठी डॉलर काढून का द्यायचे? गावातल्या दुकानदारांनी एकमेकांच्या उधारीची एकच वही ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी फक्त फरक चुकता करावा, तसं हे आहे. इथे ठरलेला काळ दोन महिन्यांचा. फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या अखेरीला वही बंद होते आणि पुढच्या काही दिवसांत ज्याचं देणं निघतं तो देश देतो. मधल्या काळात जी उधारी राहिली तिच्यावर व्याज लागतं.

आकड्यांत सांगते. समजा दोन महिन्यांत बांगलादेशच्या आयातदारांनी भारताला १०० कोटी डॉलर द्यायचे झाले, आपल्या आयातदारांनी बांगलादेशला २० कोटी आणि म्यानमारला ३० कोटी. एकूण व्यवहार १५० कोटींचा. वही बंद करताना बांगलादेशचं देणं निघतं ८० कोटी, त्यातले भारताचं येणं ५० आणि म्यानमारचं ३०. म्हणजे १५० कोटींचा व्यापार झाला, पण खरे डॉलर हलले ८० कोटी.

तुमच्या एका बिलाच्या पातळीवर हेच असं दिसतं. ढाक्याच्या पार्टीने तिच्या बँकेत टाका, म्हणजे बांगलादेशचं चलन, भरले. त्या बँकेचं मुंबईतल्या एखाद्या बँकेत एसीयू डॉलरचं खातं असतं. त्यात शिल्लक असेल तर तुमचं बिल तिथूनच भागतं. शिल्लक नसेल तर ढाक्याची बँक बांगलादेश बँकेला टाका देते, बांगलादेश बँक रिझर्व्ह बँकेला कळवते, रिझर्व्ह बँक मुंबईतल्या बँकेला डॉलर देते आणि ते त्या खात्यात जमा होतात. एसीयू डॉलरची किंमत अमेरिकी डॉलरइतकीच. वेगळी नोट नाही, वेगळा भाव नाही. फरक फक्त हिशेबाचा : हा डॉलर युनियनच्या वहीत मोडतो, न्यूयॉर्कच्या करस्पाँडंट बँकेतून (जिथे आपल्या बँकेचं डॉलरचं खातं असतं) येणारा साधा डॉलर त्या वहीत मोडत नाही. म्हणून दोन्हींची खाती वेगळी ठेवतात, आणि म्हणून तुमची बँक ढाक्याच्या बाबतीत हट्ट धरते. परकीय चलन कायद्याखालच्या नियमांत नेपाळ आणि भूतान सोडून बाकी सदस्य देशांशी होणारे व्यवहार एसीयूमार्फत किंवा रिझर्व्ह बँक वेगळं सांगेल त्या पद्धतीने करायचे असं स्पष्ट आहे. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीचा हा भाग नाही.

‘वेगळं सांगेल त्या पद्धतीने’ या शब्दांत तुमच्या तीन नियमांचं उत्तर आहे. यादीत नऊ देश असले तरी भारतापुरती वाट प्रत्येकाशी वेगळी आहे. नेपाळ आणि भूतानशी आपला व्यापार मुळातच रुपयांत चालतो, तो सहसा वहीत येत नाही. पाकिस्तान सदस्य आहे, पण व्यापारच बंद असल्याने त्या नोंदीला आज अर्थ उरलेला नाही. म्यानमारच्या बाबतीत एसीयूबरोबर इतर परिवर्तनीय चलनांतही व्यवहार करायची मुभा आहे. तिकडून तूर-उडीद आणणाऱ्या वाशीच्या आणि लातूरच्या व्यापाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. सगळ्यांत बोलकं उदाहरण इराणचं. युनियनचं मुख्यालय तेहरानला, इराण संस्थापकांपैकी एक. तरीही डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणशी होणारे सगळे व्यवहार एसीयूबाहेर करायला सांगितलं. इराणवरच्या आर्थिक निर्बंधांमुळे ती वाट चालू ठेवणं अवघड झालं होतं. पुढे काही वर्षं तेलाच्या पैशांचा एक भाग कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा होत असे आणि आपल्या बासमती निर्यातदारांना त्यातून पैसे मिळत. इराणचं सदस्यत्व कायम होतं, भारतासाठी वाट बंद होती. म्हणून ‘देश सदस्य आहे का’ हा प्रश्न मी एकटा कधीच विचारत नाही. त्याच्या जोडीला ‘भारताशी व्यवहारापुरती वाट आज उघडी आहे का’ आणि ‘पार्टीच्या बँकेचं मुंबईत एसीयू खातं आहे का, ते चालतं का’ हे दोन प्रश्न हवेतच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात मिळत नाही. ते तुमच्या बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागाला फोन करूनच मिळतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्नही हाच.

आता श्रीलंका. ही हकीकत जरा थांबून वाचा, कारण ‘बांगलादेश बाहेर पडला तर’ या तुमच्या भीतीचं उत्तर इथे घडलेल्या गोष्टींत आहे. २०२१ च्या अखेरीस श्रीलंकेची परकीय गंगाजळी तळाला गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये भारताने त्यांना ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदल दिली आणि एसीयूच्या वहीतलं ५१.५ कोटी डॉलरहून थोडं अधिक देणं पुढे ढकललं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परदेशी कर्जांची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून श्रीलंकेशी होणारे व्यवहार एसीयूबाहेर, कुठल्याही मान्य चलनात करायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या बाजूनेही युनियनमधले व्यवहार स्थगित केले. कोलंबोचे पैसे तुम्हाला आज साध्या डॉलरमध्ये चालतात ते जुलैच्या परिपत्रकामुळे.

या सगळ्यात निर्यातदाराचं काय झालं? ज्या बिलांचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या वाटेने येऊन निर्यातदाराच्या खात्यात जमा झाले होते, त्यांच्या पुढे ढकललेल्या देण्याचा बोजा दोन मध्यवर्ती बँकांमध्ये राहिला. वहीतली थकबाकी निर्यातदाराकडून वसूल होत नाही. या व्यवस्थेचं तुमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठं संरक्षण हेच, आणि ते खरंखुरं आहे. दुसरीकडे, ज्यांचा माल कोलंबोला पोचला होता पण बिल अजून भागलं नव्हतं, त्यांच्यासाठी वाट बदलली. त्यांच्या पार्टीच्या बँकेला आता साधे डॉलर शोधणं भाग होतं, आणि त्या महिन्यांत कोलंबोत डॉलर मिळत नव्हते. देणं कुणी नाकारलं नव्हतं. द्यायला डॉलर नव्हते.

म्हणून पैसा अडकलाय असं म्हणताना तो नेमका कुठे अडकलाय हे पाहावं लागतं. पार्टीने अजून तिच्या बँकेत स्थानिक चलनच भरलं नसेल, तर हा सरळ सरळ व्यापारी धोका. तिथे एसीयू असली काय, नसली काय, फरक पडत नाही. पार्टीने टाका भरले, पण तिच्या बँकेला डॉलर मिळत नाहीत, तर तो देशाचा धोका. इथे सदस्यत्वाचा थोडा उपयोग होतो, कारण बांगलादेश बँकेला त्या दिवशी रोख डॉलर द्यायचे नसतात, वहीत नोंद करायची असते. पण गंगाजळी ताणलेली असेल तर तिथली मध्यवर्ती बँक नोंद करतानाही हात आखडता घेते, कारण दोन महिन्यांनी तेच डॉलर तिलाच द्यायचे असतात. आणि पैसे बिलापोटी मुंबईत जमा होऊन तुमच्या खात्यात आले, तर ते तुमचे. त्यानंतर बांगलादेश राहो की जावो.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. तुमच्या बँकेने बिल डिस्काउंट केलं असेल, म्हणजे ढाक्याचे पैसे यायच्या आधीच तुमच्या खात्यात रक्कम टाकली असेल, तर ते पैसे अजून आलेले नाहीत. ते बँकेने तुम्हाला दिलेलं कर्ज आहे. बिल थकलं तर बँक ती रक्कम व्याजासकट तुमच्या खात्याला नावे टाकते. पासबुकात दोन्ही वेळा जमाच दिसतं, म्हणून नोंदीसमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘बिल डिस्काउंटेड’ असेल तर अजून हिशेब संपलेला नाही. ‘बिल रिअलाइज्ड’ असेल तर संपला. निर्यातीचे पैसे आले का याची नोंद ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत तुमचं शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) मोकळं झालं का आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचं (डीजीएफटी) ई-बीआरसी, म्हणजे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, निघालं का, हे पाहिलंत की खात्री होते.

ढाक्याच्या वर्तमानपत्रांत दर दोन महिन्यांनी बातमी येते की एसीयूचं देणं दिल्यामुळे गंगाजळी एवढ्या कोटींनी घटली. ती व्हॉट्सअॅपवर फिरते आणि माझा फोन वाजायला लागतो. त्या बातमीने घाबरू नका. देणं वेळेवर दिलं गेलं, वही चुकती झाली, असा तिचा अर्थ आहे. ज्या पंधरवड्यात ही बातमी यायला हवी होती आणि आली नाही, किंवा देणं पुढे ढकलल्याची बातमी आली, तेव्हा मात्र नवा माल भरण्यापूर्वी बँकेशी बोला. श्रीलंकेच्या बाबतीत परिपत्रक जुलैत निघालं, पण ढकललेल्या देण्याची बातमी जानेवारीतच छापून आली होती. ज्यांनी ती वाचून कोलंबोच्या उधारीवर मर्यादा घातली, त्यांना सावरायला सहा महिने मिळाले.

आता कागद. ढाक्याचा व्यवहार बहुतेक एलसीवर असतो, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देऊ अशा पार्टीच्या बँकेच्या लेखी हमीवर. एलसी आली की पार्टीचं नाव आणि रक्कम पाहून गाडी भरू नका. एलसीच्या स्विफ्ट मेसेजमध्ये (बँका एकमेकींना पाठवतात त्या संदेशात) चलनाच्या रकान्यात साधं ‘यूएसडी’च लिहिलेलं असतं, कारण एसीयू डॉलरला वेगळा चलन-कोड नाही. तो एसीयूचा आहे की साधा, हे इतर रकान्यांतून कळतं. ४७ए म्हणजे जादा अटी, ५३ए म्हणजे प्रतिपूर्ती करणारी बँक आणि ७८ म्हणजे पैसे देणाऱ्या किंवा निगोशिएट करणाऱ्या बँकेला सूचना. ७८ मध्ये ‘एसीयू मेकॅनिझम’खाली, मुंबईतल्या अमुक बँकेतल्या एसीयू डॉलर खात्यातून पैसे देऊ, असं काहीतरी हवं. ५३ए मध्ये न्यूयॉर्कच्या बँकेचं नाव दिसलं तर थांबा. एका व्यापाऱ्याच्या एलसीत असंच नाव होतं. गाड्या सीमेवर पेट्रापोलला पोचल्यावर कागद मुंबईत आले आणि बँकेने दुरुस्ती मागितली. दुरुस्ती ढाक्याहून यायला कित्येक दिवस गेले, तोवर माल पलीकडचं बेनापोल ओलांडून विकलाही गेला होता. पैसे शेवटी आले, पण मधल्या काळाचं व्याज आणि दुरुस्तीचा खर्च व्यापाऱ्याच्या अंगावर.

नाशवंत मालात ही जोखीम दुप्पट होते. आंतरराष्ट्रीय एलसी नियमांप्रमाणे कागद तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. मुंबईची बँक पाच दिवस घेऊ शकते, ढाक्याची आणखी पाच. कांदा आणि द्राक्षं त्याआधीच बाजारात पोचतात. माल ताब्यात ठेवून कागदांवर पैसे वसूल करायची जी ताकद यंत्रसामग्रीच्या निर्यातदाराकडे असते, ती तुमच्याकडे नाही. म्हणून कागदांत खोट राहू देऊ नका. ट्रक रिसीटवरचं वजन आणि इन्व्हॉइसवरचं वजन जुळलं पाहिजे. एलसीत ‘फ्रेश ओनियन’ लिहिलं असेल तर कागदांवर ‘रेड ओनियन’ लिहू नका. डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांत विसंगती, निघाली की देण्याची जबाबदारी बँकेवरून उतरते आणि पार्टीच्या मर्जीवर येते. भाव पडलेला असेल तर ती मर्जी कशी फिरते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक. ढाक्याच्या पार्टीने ‘माझा दुबईचा भाऊ तिथून साध्या डॉलरने पाठवेल’ असं सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. तिसऱ्या पक्षाकडून पैसे घेण्याला नियमांत जागा आहे, पण अटी आहेत, आणि बांगलादेशच्या बाबतीत एसीयूचा मुद्दा आहेच. माल भरण्याआधी बँकेकडून लेखी होकार घ्या. पैसे आल्यावर बँकेने ते तुमच्या शिपिंग बिलाला लावायला नकार दिला, तर खात्यात रक्कम असूनही ईडीपीएमएसमध्ये तुम्ही थकबाकीदार दिसता, आणि पुढच्या मालाच्या वेळी तोच डाग आडवा येतो.

मालेच्या रुपयांबद्दल. मार्च २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारत-मालदीव व्यापार एसीयूबरोबरच भारतीय रुपयांत आणि मालदीवच्या रुफियामध्येही चुकता करायला परवानगी दिली. म्हणजे तुमची पार्टी काही वावगं सांगत नाहीये. रुपयांत घ्यायचे की नाही हे दोन गोष्टींवर ठरेल. पहिली : मालेच्या बँकेकडे रुपये कुठून येणार? तिचं भारतातल्या कुठल्या बँकेत रुपयाचं खातं आहे ते विचारा. भारतीय स्टेट बँकेची शाखा मालेत १९७४ पासून आहे, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्यांना ही वाट अनोळखी नाही. दुसरी : तुमचा खर्च कोणत्या चलनात आहे? कांदा तुम्ही लासलगावला रुपयांत घेता, पण रीफर (थंड) कंटेनरचं भाडं डॉलरमध्ये लागतं. भाव रुपयांत बांधला तर मालाच्या किमतीवरचा डॉलरच्या चढ-उताराचा भार तुमच्या डोक्यावरून उतरतो, भाड्यावरचा राहतो. मालेचा व्यवहार छोटा असेल तर मी रुपये घेईन. बांगलादेशशीही रुपयांतल्या व्यापाराची सुरुवात जुलै २०२३ मध्ये झाली आहे, पण तिथे एक अडचण आहे : बांगलादेश आपल्याकडून घेतो खूप आणि आपल्याला विकतो थोडं, त्यामुळे त्यांच्या बँकांकडे रुपये साठतच नाहीत. ढाक्याच्या मोठ्या ऑर्डरी मी सध्या रुपयांवर टाकणार नाही.

तुमच्या भाच्याची दहा सेकंदं खरी आहेत. युरोपात बँकांमधून युरो पाठवण्याची सेपा म्हणून व्यवस्था आहे. तिच्यातलं साधं हस्तांतरण २८ जानेवारी २००८ ला सुरू झालं, दहा सेकंदांचं नोव्हेंबर २०१७ मध्ये. तिकडेही सदस्यत्वाचा घोळ कमी नाही. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक, तरी तो सेपात आहे. कोसोव्होत युरो चालतो, तरी तो बाहेर आहे. ब्रिटन युरोपियन युनियन सोडून गेला, पण सेपात राहिला. अल्बानिया, माँटेनेग्रो, मोल्दोव्हा आणि उत्तर मॅसेडोनियातल्या बँका ऑक्टोबर २०२५ पासून जोडल्या गेल्या. देश यादीत आला तरी प्रत्येक बँकेला प्रत्येक योजनेवर स्वतंत्र सही करावी लागते. आणि सीमेपलीकडच्या युरो हस्तांतरणाला देशांतर्गत हस्तांतरणाइतकंच शुल्क लावण्याची सक्ती युरोपियन युनियनच्या कायद्याची आहे, त्यामुळे तो कायदा जिथे लागू नाही अशा सेपा देशात शुल्क जास्त लागू शकतं. मोठा फरक असा की सेपात पैसा युरोतच हलतो आणि बँकांचा हिशेब जवळपास लगेच मिटतो. एसीयूत देशांची चलनं वेगळी, भांडवल बाहेर न्यायला बंधनं, आणि हिशेब दोन महिन्यांनी. ती डॉलर वाचवण्यासाठी उभी केली होती. वेग हा तिचा हेतू कधीच नव्हता.

आपल्याकडे वेगाची वाटही तयार होते आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पे-नाऊ या तत्काळ पेमेंट व्यवस्थेशी जोडलं गेलं आणि अनेक देशांच्या तत्काळ पेमेंट व्यवस्था एकत्र जोडणाऱ्या नेक्सस प्रकल्पात रिझर्व्ह बँक सामील झाली आहे. पण हे सगळं आजघडीला घरी पैसे पाठवणाऱ्या माणसासाठी आहे. सिंगापूरची जोडणी सुरू झाली तेव्हा दिवसाची मर्यादा ६० हजार रुपये होती. तुमची एक गाडीही त्यात बसत नाही, आणि शिपिंग बिलाशी जुळणी, एलसी, ईडीपीएमएस यांची सोय त्यात नाही.

मग तुम्ही काय करायचं? ढाक्यासाठी एलसी कोणत्या बँकेची आहे यावर माझा सल्ला बदलतो. जिच्या मुंबईतल्या एसीयू खात्यात नियमित उलाढाल आहे अशा बँकेची असेल आणि अॅट-साइट, म्हणजे कागद दाखवताच पैसे देणारी, असेल, तर चालू द्या. नवी किंवा अडचणीतली बँक असेल, तर तुमच्या बँकेला एलसीवर कन्फर्मेशन, म्हणजे स्वतःची जादा हमी, द्यायला तयार आहे का विचारा. नाही म्हणाली तर तेही एक उत्तरच आहे. उधारीच्या, म्हणजे युझन्स एलसीत जितके दिवस जास्त तितकी देशाची जोखीम तुम्ही स्वतः उचलता, म्हणून नाशवंत मालाला मी नव्वद दिवस कधीच सुचवत नाही. ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी घेतली नसेल तर घ्या. पार्टीने बुडवल्यास आणि देशाने पैसे बाहेर जाऊ न दिल्यास, दोन्हींसाठी तिच्यात तरतूद असते. मात्र ईसीजीसी देशांची वर्गवारी करते आणि ती बदलत राहते, तेव्हा हप्ता आणि मर्यादा हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. कोलंबोचं परिपत्रक ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ अशा शब्दांत आहे, म्हणून तिथेही दर हंगामाला बँकेकडून वाट पुन्हा पक्की करून घ्यायची.

आणि बांगलादेश खरंच बाहेर पडला तर? इराणच्या आणि श्रीलंकेच्या वेळी झालं तेच होईल. रिझर्व्ह बँक परिपत्रक काढेल, जुनी वही दोन मध्यवर्ती बँका आपसांत मिटवतील, आणि तुमची न भागलेली बिलं साध्या डॉलरच्या किंवा दुसऱ्या मान्य चलनाच्या वाटेवर जातील. ढाक्याच्या बँकेने एलसीत दिलेलं वचन त्याने रद्द होत नाही. तिला डॉलर मिळेपर्यंत थांबावं लागेल इतकंच, आणि ते थांबणं तुमच्या खेळत्या भांडवलाला झेपेल एवढाच माल एका वेळी ढाक्याच्या वाटेवर ठेवा. द्राक्षाची पहिली गाडी निघायच्या आत तुमच्या एलसीतल्या ४७ए, ५३ए आणि ७८ या तीन रकान्यांचा मजकूर पार्टीचं नाव आणि रक्कम झाकून मला पाठवा. वाचून सांगते, त्यात कुठे दुरुस्ती मागायला हवी.